हिरवं कडं

तिने लाल दिव्याखालची बशी उचलली, उलटी केली आणि बुडावर काल पेन्सिलीने ओढलेली रेघ शोधली. लाल उजेडात पांढरं काय आणि हिरवं काय, सगळं एकाच रंगाचं दिसतं. म्हणून तिने बशी काळ्या कापडात गुंडाळली, अंधारखोलीची दोन्ही दारं एकामागून एक ओलांडली आणि बाहेर पॅसेजमधल्या ट्यूबखाली येऊन कापड सोडलं.

पांढऱ्याशुभ्र बुरशीत हिरवं कडं उमटलं होतं. कंपासने काढावं तसं गोल.

तिने दुसरी बशी आणून पाहिली. तिच्यातही कडं होतं. तिसरी तिने पाहिली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तळघराचा जिना झाडणाऱ्या मावशी हात थांबवून तिच्याकडे बघत होत्या.

"पुन्हा बिघडलं का?"

"पुन्हा."

"मग आता?"

"आता पहिल्यापासून."

मावशींनी मान हलवली आणि पुढची पायरी झाडायला घेतली.

ती बुरशी मातीत राहणारी, साधी. अंधारात वाढू दिली तर पांढरीच्या पांढरी बशीभर पसरते, बीजाणू धरत नाही. पण तिच्यावर क्षणभर जरी निळसर उजेड पडला, तर त्या क्षणी तिची कड जिथवर पोचलेली असेल नेमकी तिथे, दिवसभराने, हिरव्या बीजाणूंचं कडं धरते. उजेड केव्हाच गेलेला असतो. बुरशीही पुढे पसरून गेलेली असते. कडं मात्र जागचं हलत नाही. लाल उजेड तिच्या गावीही नसतो, म्हणून तर खोलीत लाल दिवा होता. बाकी दारांच्या फटींना पट्ट्या होत्या, खिडकी मुळातच नव्हती.

आणि या बश्या अंधारातल्या गटाच्या होत्या. त्या पांढऱ्या राहिल्या, तरच उजेडातल्या बश्यांच्या हिरवेपणाला काही अर्थ होता. तिच्या लेखाच्या परीक्षकांनी नेमका तोच प्रयोग पुन्हा करून मागितला होता. त्यांची मुदत संपत आली होती, आणि लेख छापून आला नाही तर तळघरातली ती खोली सामान ठेवायला जाणार, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं.

ही बुरशी किती वेळात किती पसरते ते तिला पाठ होतं. तिने पट्टी घेतली आणि बशीच्या मध्यापासून कड्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग पहिल्या दोन खेपांच्या बश्या फ्रिजमधून काढून त्याही मोजल्या. तिन्हींचं उत्तर एकच आलं. दुपारी, सगळे जेवायला वर गेलेले असताना, कोणीतरी खोलीत येत होतं आणि उजेड करत होतं.

विभागात तिला अंधारबाई म्हणत. तोंडावर नाही, पण फार लपवूनही नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. चाळिशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला याहून वाईट नावं पडू शकतात. आई होती तोवर घरी गेल्यावर कोणीतरी 'आलीस का' म्हणायला होतं. आता कुलूप काढून आत गेलं की पहिला आवाज तिनेच ठेवलेल्या किल्ल्यांचा. रविवारी दादाचा फोन येई. जेवलीस का, तब्येत बरी आहे ना, पाणी येतंय का वेळेवर. मग दोघेही थोडा वेळ गप्प राहत, आणि दादा म्हणे, "बरं, ठेवतो मग."

दुपारी खोलीत कोणी येतं हे विभागाच्या बैठकीत तिने उठून सांगितलं, तेव्हा कोणीतरी हसलं.

"अंधारात कोण येणार? भूत?"

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, नेहमीसारख्या ताठ. विभागप्रमुख म्हणून त्यांचा दरारा असा होता, की पॅसेजमधून त्या येताना दिसल्या की लोक उगाचच हातातले कागद वाचू लागत.

"किल्ली कोणाकोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

"एक माझ्याकडे. एक मावशींकडे, झाडलोटीसाठी."

कार्यालयाच्या कपाटात सगळ्याच खोल्यांची एकेक किल्ली टांगलेली असे. ते कोणाला आठवलं नाही, किंवा कोणी बोललं नाही. मावशींना बोलावलं गेलं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मी आठवड्यातून एकदा झाडते, ते पण या असताना," मावशी तिच्याकडे बोट करून म्हणाल्या. "एरवी त्या खोलीत माझं काय काम?"

"दुपारी कधी टेकायला वगैरे?" कोणीतरी विचारलं. "गार असतं तिथे."

मावशी मोठ्या बाईंकडे बघत होत्या. बाईंनी समोरचा कागद सरळ केला.

"किल्ली इथे जमा करा," बाई म्हणाल्या.

मावशींनी कमरेच्या जुडग्यातून किल्ली सोडवली, टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. अंधारबाईला बरं वाटलं नाही. पण आठवडाभराने नव्या बश्यांवर पुन्हा कडं उमटलं, तेव्हा तिला त्याहून वाईट वाटलं.

दाद मागायला ती मोठ्या बाईंकडे गेली नाही. एकेकाळी ती त्यांची लाडकी विद्यार्थिनी होती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बुरशीचा एकेक धागा, एकेक बीजाणू रेखाटायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांचा स्वतःचा हात असा, की कागदावरची बुरशी फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. मग तिने रेखाटनं सोडली आणि ती रेणूंकडे वळली. 'तुला बुरशी बघायची नाहीये, तिचं पोट फाडायचंय,' असं बाई म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी तिला 'अहो-जाहो' करायला सुरुवात केली. वर्षं उलटली, पण त्या पुन्हा 'तू'वर आल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त सभ्यपणे वागत राहिल्या.

बश्यांभोवती काळा पडदा लावला असता, तर बश्या वाचल्या असत्या. पण मग येतं कोण, ते कधीच कळलं नसतं. तिने ठरवलं, आणखी एक खेप वाया गेली तरी चालेल.

दुपारी सगळे वर गेले, तशी ती खोलीत गेली, लाल दिवा बंद केला आणि नळाच्या पलीकडच्या कोपऱ्यात कपाटाला पाठ लावून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या खोलीत दिव्याशिवाय कधी थांबलीच नव्हती. आधी डोळ्यांपुढे ठिपके नाचले, मग तेही गेले. स्वतःचा हात नाकापुढे धरला तरी दिसेना. फ्रिज मधूनच घुर्र करून गप्प होई.

बाहेरचं दार उघडलं, मिटलं. मग आतलं. आलेल्या माणसाने दिवा लावला नाही. भिंतीवरून हात सरपटल्याचा आवाज आला.

"टेबल," कोणीतरी पुटपुटलं. थोड्या वेळाने, "कोपरा. खुर्ची."

खुर्ची सरकली. मग पावलं नळाकडे आली, तिच्यापासून हातभर अंतरावर. काचेचा पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज. नळ सुटला. पेला भरतानाचा चढता सूर तिला ऐकू आला. मग तो सूर तुटला, पाणी ओसंडलं, पेला निसटून मोरीत पडला आणि फुटला. श्वास एकदम जोरात चालू लागला, धावून आलेल्या माणसासारखा. पुढच्या क्षणी पांढरा झगझगीत उजेड पडला.

मोबाइलचा दिवा हातात धरून मोठ्या बाई उभ्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट कापलं होतं. समोर कोणी आहे हे त्यांना लगेच कळलंच नाही. दिवा मोरीवरून फिरत फिरत कपाटाकडे आला, तेव्हा कुठे त्या दचकल्या.

"कोण?"

"मी आहे, बाई."

मग तिने हात पुढे करून तो दिवा विझवला. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. बश्या तर गेल्याच होत्या.

"किती वेळ उभी आहेस?" अंधारातून बाईंनी विचारलं.

त्यांनी 'आहेस' म्हटलं होतं.

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"म्हणजे सगळं बघितलंस." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बघितलंस कसलं. ऐकलंस."

तिने हाताने चाचपत खुर्ची आणली आणि बाईंना बसवलं. हातरुमाल त्यांच्या बोटाला गुंडाळला. अंधारात गाठ नीट बसेना.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता आणि मोकळी झाले असते. हा कडेकडेने खात येतो. समोरचं अजून दिसतं, नळीतून बघावं तसं. बाजूला कोणी उभं असलं तर पत्ता लागत नाही. अंधुक उजेडात तर नाहीच."

"औषध?"

"थेंब घालते. उरलंय ते टिकेल तितकं टिकेल. गेलेलं परत येत नाही."

"आणि इथे?"

"सराव करते. घर मला पाठ आहे, तिथे डोळे मिटूनही चहा करता येतो. आणि घरी खरा अंधार होतच नाही, कुठून ना कुठून उजेड येतोच. मला अनोळखी जागा हवी होती. वाटलं, आत्ताच शिकून घ्यावं, म्हणजे ऐन वेळी तारांबळ नको. रोज ठरवते, आज काही झालं तरी दिवा लावायचा नाही. आणि मग असं काहीतरी पडतं, आणि भीती वाटते."

"बैठकीत मी सांगितलं तेव्हा—"

"तेव्हा मला कळलं तुझ्या बश्या कशाने जातायत ते. त्याआधी खरंच माहीत नव्हतं. एवढ्याशा उजेडाने काय होतंय, असं वाटलं." मोरीत नळ ठिबकत होता. "कळल्यावरही आले. ते मात्र चुकलं माझं."

ती काहीतरी बोलणार होती, पण तिला राग शोधूनही सापडला नाही. ती ओट्याकडे गेली, काचेचे तुकडे हलक्या हाताने गोळा करू लागली.

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणाला कळायला नको," बाई म्हणाल्या. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आंधळी म्हणून निरोप नको मला."

त्याच संध्याकाळी तिने जाड काळं कापड आणलं आणि बश्यांच्या मांडणीभोवती दुहेरी पडदा शिवला. बश्या डब्यात बंद करून चाललं नसतं. कोंडलं की या बुरशीचाच वास साठतो आणि त्या वासानेही ती हिरवी होते. पडद्याला खालून वरून हवा खेळायला जागा ठेवली. सुई बोटात गेली तेव्हा तिला हसू आलं, कारण आईने तिला शिवण शिकवताना हात टेकले होते.

मावशींची किल्ली तिने कार्यालयातून मागून घेतली आणि त्यांना नेऊन दिली.

"चूक माझीच होती," ती म्हणाली. "दाराच्या पट्टीला फट होती. उगाच तुमच्यावर आळ आला."

"फट होती का," मावशी शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी किल्ली जुडग्यात अडकवली. "असू दे. फट कुठे ना कुठे असतेच."

मग दुपारी बाई येऊ लागल्या आणि तीही थांबू लागली. ती डबा खाऊन आधीच खाली येई, लाल दिवा बंद करून स्टुलावर बसे. बाई येत, भिंतीने जात, खुर्ची शोधत, पेला भरत. पेल्याच्या आत बोटाचं पेर लटकतं ठेवलं की पाणी कुठवर आलं ते कळतं, हे त्यांना एका दुपारी आपोआप सापडलं आणि त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. ती मदत करत नसे. ती फक्त तिथे असे. सराव संपला की बाई एकट्याच बाहेर पडत आणि ती आत कामाला लागे. कधी बाई जुन्या गोष्टी सांगत, कधी दोघी गप्प बसत, आणि ते गप्प बसणं दादाच्या फोनवरच्यासारखं नव्हतं.

"तुझा आवाज बरा येतोय हल्ली," त्या रविवारी दादा म्हणाला. "काय, खातेपितेस वाटतं."

"खाते की."

एका दुपारी बाईंनी विचारलं, "एकदा नीट सांग मला, तू एवढी वर्षं काय करतेयस. तेव्हा मी ऐकून घेतलं नव्हतं."

ती स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली.

"हात द्या. असा, ओंजळीसारखा करा." तिने बाईंचा तळवा आपल्या तळव्यावर घेतला. "हे प्रथिन. बुरशीच्या पेशीत असतं. त्याला असा खळगा आहे. आणि खळग्यात हा एक छोटा पिवळा रेणू." तिने आपलं बोट त्यांच्या ओंजळीत टेकवलं. "आपण जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातो ना पिवळ्या, त्यांच्यातलाच नातेवाईक. अंधारात तो असा नुसता टेकून बसलेला असतो. कशाला चिकटलेला नाही."

"बरं."

"निळ्या उजेडाचा एक कण येतो आणि हा रेणू तो गिळतो. की लगेच—" तिने बाईंचा अंगठा आपल्या बोटावर दाबून बसवला. "प्रथिनात इथे गंधकाचा एक अणू असतो. तो याला पकडतो. बंध तयार होतो. व्हायचं ते एवढंच. पण तेवढ्याने अख्ख्या प्रथिनाची ठेवण बदलते. तुमचं मनगट बघा कसं वळलं."

"वळलं खरं."

"मग ते आपल्या जोडीदारासकट डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन बसतं आणि निजलेली जनुकं जागी करतं. बीजाणू धरायची त्यातलीच. त्यातच एक जनुक असं असतं, की त्याच्यापासून दुसरं छोटं प्रथिन बनतं. त्यालाही असाच खळगा, असाच पिवळा रेणू. उजेड चालूच राहिला, तर ते येऊन पहिल्याला धरून ठेवतं." तिने आपला दुसरा हात बाईंच्या मुठीवर झाकला. "पुरे म्हणतं. मग उजेड असूनही बुरशी शांत होते."

"म्हणजे सवय होते."

"हो. आणि अंधार झाला की बंध काही तासांत आपला आपणच सुटतो. पुन्हा पहिल्यासारखं."

बाई बराच वेळ हात तसाच धरून होत्या.

"आणि तू ते 'पुरे' म्हणणारंच काढून टाकलंस."

"बुरशीच्या एका जातीतून, हो. तिला उजेडाची सवय होत नाही. उजेड असेपर्यंत ती शांतच होत नाही."

"बिचारी," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हे तू कधी पाहिलंयस?"

"हे कोणालाच दिसत नाही, बाई. डोळ्यांनी नाही."

"मग खळगा इथेच आहे, हे कशावरून?"

"असंच. चाचपडत," ती म्हणाली, आणि बाई हसल्या. तिला वाटलं, त्या इतक्या मोकळेपणाने फक्त इथेच हसतात.

त्या दिवसांत तिला घरी गेल्यावर कुलूप काढताना घाई वाटेनाशी झाली आणि सकाळी निघताना वाटू लागली. बाईंना कोणती पायरी अडते, चहाचा कप कोणत्या हाताला ठेवला की त्यांना सापडतो, पॅसेजमध्ये कोण कुठे उभं आहे हे हळूच नाव घेऊन कसं सांगावं, हे ती शिकत गेली. कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट तिला माहीत होती. गोष्ट दुःखाची होती, तरीही ती जपून ठेवावीशी वाटे.

पुढच्या खेपेच्या बश्या उघडायच्या दिवशी तिने बाईंना सांगितलं होतं, की आज दुपारी वर यंत्रावर काम आहे, येता येणार नाही. खरोखरच होतं. पण सकाळीच तिने पडदा सोडून एकेक बशी ट्यूबखाली आणली होती, आणि अंधारातल्या गटाची एकूण एक बशी पांढरी निघाली होती. दुपार होईपर्यंत तिने ते कोणालाच सांगितलं नाही. यंत्र मध्येच थांबवून ती जिना उतरली. हे बाईंना सर्वांत आधी कळायला हवं होतं.

तळघरात वळणाजवळची ट्यूब गेलेली होती. पॅसेजच्या मधोमध पाण्याची बादली होती. आतलं दार वाजलं. आता बाई बाहेर येणार आणि सरळ बादलीवर आदळणार, हे तिला दिसलं. तिने पुढे होऊन बादली उचलली आणि भिंतीकडे ठेवली. कडी खणकन वाजली.

बाहेरचं दार लोटून बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"मावशी?"

तिने बोलायला तोंड उघडलं. पण बाईंनी तोवर हात पुढे केला होता, रोजच्या सवयीने करावा तसा.

"बरं झालं लवकर आलात. आज ती आली नाही, वर काम आहे तिला." त्यांचा हात तिच्या कोपराला लागला आणि तिथेच विसावला. विभागातल्या सगळ्यांचे कोट, मावशींचासुद्धा, एकाच गठ्ठ्यातले, एकाच जाड कापडाचे. "खरं सांगू का, बरंच झालं नाही आली ते. जीव लावते हो पोरगी. पण ती असली की मी सगळं जमतंय असं दाखवते. पेला भरून दाखवते, खुर्ची शोधून दाखवते. इतकी आशेने बसलेली असते ना ती. दमायला होतं."

ती चालू लागली, अगदी सावकाश, बाईंना अर्धं पाऊल मागे ठेवून.

"आज तर रडले मी आत. चांगला अर्धा तास. तिच्यासमोर रडता येत नाही. तुमचं बरं आहे, तुम्ही पहिल्या दिवशीच सांगून टाकलंत, 'बाई, तुम्हाला दिसत नाही ते मला दिसतं' म्हणून." त्या नाकाने हसल्या.

जिना आला. पहिल्या पायरीपाशी ती क्षणभर थांबली, म्हणजे बाईंना कळेल. त्या चढल्या.

"आज अगदीच मुक्या झालात. त्या किल्लीचं मनात आहे का अजून? असणारच. तुम्ही सगळ्यांसमोर किल्ली ठेवलीत आणि मी बसून राहिले. तुमचा चेहराही दिसत नव्हता मला तेव्हा. तसं बोलले नाही कधी, म्हणून आज बोलते. मला ते लागून राहिलंय."

वरच्या पायरीवर पुन्हा ती थांबली. बाईंनी हात काढून घेतला, कोट सारखा केला, मान ताठ केली आणि त्या उजळ पॅसेजमधून मधोमध चालत गेल्या. समोरून येणारे दोघेजण अदबीने बाजूला झाले. बाईंना ते दिसले की नाही, सांगता येत नव्हतं.

ती पुन्हा खाली आली. तिथे मावशी ओला फडका हातात घेऊन इकडेतिकडे बघत होत्या.

"बादली कोणी हलवली?"

"मी. बाई अडखळल्या असत्या."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग बंद दाराकडे, मग जिन्याकडे.

"गेल्या का वर?"

"गेल्या."

"एकट्याच?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही होतात बरोबर."

मावशींनी खाली वाकून फडका बादलीत बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला.

"मी काही बोलले का?"

"नाही. बाईच बोलल्या. त्या दिवशी गप्प बसल्याचं त्यांना लागून राहिलंय. तुम्हाला सांगत होत्या."

"हं." मावशींनी फडका लादीवर पसरला. "आणखी काय म्हणाल्या?"

"आणखी काही नाही."

मावशी जिन्यापासून मागे सरकत पुसत आल्या. तिच्या पायांपाशी पोचल्यावर त्या थांबल्या, कंबर सरळ केली आणि कडेचं स्टूल पायाने तिच्याकडे ढकललं.

"बसा थोडं," त्या म्हणाल्या. "वाळू दे, मग जा."

ती बसली.